कुत्र्याला स्वर्ग मिळतो का, आणि मिळाला तर कायमचा का?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अकरा वर्षांचा लॅब्रेडॉर कुत्रा, बंड्या, किडनी फेल होऊन गेला. नऊ वर्षांची लेक रोज रात्री विचारते की तो स्वर्गात पोचला का, आणि आपण सगळे मेल्यावर तो तिथे भेटेल का, कायमचा. तुमच्या आई म्हणतात जनावराला कुठला आलाय स्वर्ग. लेकीची ख्रिश्चन मैत्रीण म्हणाली प्राण्यांना आत्माच नसतो. ऑफिसातले मुस्लीम मित्र म्हणाले आमच्यात जनावरांची शेवटी माती होते, आणि वर व्हॉट्सअॅपवर कुणीतरी युधिष्ठिराच्या कुत्र्याची गोष्ट पाठवली की बघा, कुत्रा सदेह स्वर्गात गेला होता. आता तुम्हाला कळत नाहीये की लेकीला काय सांगायचं, दहावं-तेरावं करायचं का, आणि त्याचा पट्टा आणि भांडं नदीत सोडायचं का.

मी पुण्यात पौरोहित्य करते, चोवीस वर्षं झाली, त्याआधी शाळेत संस्कृत शिकवायचे. पहिली दहा-बारा वर्षं मला कुत्र्यामांजरासाठी एकही फोन आला नव्हता, आता महिन्याला एखादा तरी येतोच. सुरुवातीला मी पण "अहो जनावराचं कसलं करता" म्हणून टाळायचे. नंतर लाज वाटली आणि मग जरा शोधायला लागले की नक्की कुठे काय म्हटलंय. त्या शोधाशोधीतून जे हाती लागलं ते सांगते. बाकीच्या धर्मांचं मी सांगेन ते वाचून आणि त्या त्या घरातल्या माणसांशी बोलून कळलेलं आहे, ती काही माझी गादी नाही.

आधी एक गोष्ट. तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळ्या घरचे शब्द एकत्र आलेत. "स्वर्ग" हा आपला शब्द आणि "कायमचा" हे आलंय दुसरीकडून, बहुतेक पिक्चर आणि कार्टूनमधून. आपल्याकडे स्वर्ग कायमचा नसतोच, कुणालाच नाही. यज्ञ करून, दानधर्म करून जे पुण्य साठतं ते तिथे खर्च होतं आणि संपलं की खाली. गीतेत नवव्या अध्यायात सरळ लिहिलंय, "क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति". इंद्राची खुर्चीसुद्धा बदलते. म्हणजे आपला स्वर्ग हे रिसॉर्ट समजा हवं तर, पैसे भरलेत तितके दिवस रहा. मग बंड्याला कायमचा स्वर्ग मिळेल का याचं उत्तर नाही असंच आहे, पण तुमच्या आईंना पण नाही, मला पण नाही. यात कुत्र्यावर वेगळा अन्याय झालेला नाही.

कायमचं जे आहे ते स्वर्गाच्या पलीकडचं. कुणी मोक्ष म्हणेल, वैष्णव माणूस वैकुंठ म्हणेल, जिथे गेल्यावर परत येणं नाही. म्हणजे खरा प्रश्न असा झाला की जनावर स्वर्गात जातं का हा एक, आणि वैकुंठाला जातं का हा दुसरा. दोन्हीची उत्तरं वेगळी आहेत आणि गोष्टी पण वेगळ्या आहेत.

व्हॉट्सअॅपवाली गोष्ट आधी घेते कारण ती नव्वद टक्के लोक चुकीची सांगतात. महाभारताचं सतरावं पर्व, महाप्रस्थानिक. पांडव आणि द्रौपदी हस्तिनापूर सोडून निघतात, मागे एक कुत्रा लागतो. वाटेत द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. शेवटी युधिष्ठिर आणि कुत्रा उरतात. इंद्र रथ घेऊन येतो, म्हणतो चढ. युधिष्ठिर म्हणतो हा पण येणार. इंद्र स्पष्ट सांगतो की कुत्री बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही. कुत्र्याला तर सोडाच, कुत्रा पाळणाऱ्यालाही नाही! (तुमच्या आईंनी हे वाचलं असेल तर त्यांच्या बाजूने एक पॉइंट.) युधिष्ठिर म्हणतो माझ्या आश्रयाला आलेल्या, माझ्यावर जीव असलेल्या प्राण्याला सोडून मला तुझा स्वर्ग नको. मग तो कुत्रा आपलं खरं रूप दाखवतो, तो असतो साक्षात धर्म, युधिष्ठिराचा बाप. म्हणजे नीट बघितलं तर या गोष्टीत कुठलाच कुत्रा स्वर्गात गेलेला नाही. परीक्षा होती, प्रश्नपत्रिका कुत्र्याच्या रूपात आली होती, एवढंच.

मला हे कळलं तेव्हा जरा खट्टू झाले होते मी. पण मग एक गोष्ट लक्षात आली. महाभारताच्या अगदी सुरुवातीलाच कुत्र्याचं पिल्लू आहे. जनमेजय राजाचं यज्ञसत्र चाललेलं असतं, तिथे सरमेचं पिल्लू येतं, काही चाटत नाही, कशाला तोंड लावत नाही, तरी जनमेजयाचे भाऊ त्याला बडवतात, आणि सरमा, देवांची कुत्री, येऊन जाब विचारते की माझ्या लेकराने काय केलं होतं, आणि उत्तर मिळत नाही म्हणून शाप देते. एका टोकाला विनाकारण मार खाल्लेलं पिल्लू आणि दुसऱ्या टोकाला ज्याच्यासाठी स्वर्ग नाकारला तो कुत्रा. व्यासांनी हे मुद्दाम केलं की नाही ते मी सांगणार नाही, पण मला ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

आता जी गोष्ट कुणी फॉरवर्ड करत नाही ती. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात शेवटी राम शरयूत उतरतो, तेव्हा अख्खी अयोध्या मागे जाते, आणि तिथे नुसती माणसं म्हटलेलं नाही, वानर-अस्वलं आहेतच, पण पशू-पक्षी, तिर्यक योनीतले जीव पण पाण्यात उतरले आणि त्यांनाही दिव्य देह मिळाला असं आहे. त्या सगळ्यांना सांतानक नावाचे दिव्यलोक, म्हणजे वरच्या राहायच्या जागा, मिळाल्या. उत्तरकांड नंतर जोडलेलं आहे असं बरेच अभ्यासक म्हणतात ते मला माहितीये, पण ज्याने कुणी ते लिहिलं त्याला गावच्या जनावरांना मागे ठेवणं बरं वाटलं नाही हे तरी नक्की ना. रामाबरोबर कोण गेलं, तर ज्यांचा जीव त्याच्यात अडकला होता ते सगळे, पायांची संख्या कुणी मोजली नाही.

आणि अरण्यकांडात जटायू आहेच. गिधाड, पण रामाने स्वतःच्या हातांनी चिता रचून अग्नी दिला, पिंड दिला, गोदावरीवर जाऊन उदक दिलं, जसं घरच्या माणसाला देतात तसं. माझ्याकडे कुणी "शास्त्रात आहे का" विचारलं की मी हे सांगते. पण लगेच हेही सांगते की जटायू दशरथाचा मित्र होता, बोलत होता, लढला होता, त्याच्याकडे बोट दाखवून "म्हणून आमच्या पोपटाचं तेरावं घाला" असं नाही म्हणता येत.

गजेंद्रमोक्षाचंही तसंच. भागवताच्या आठव्या स्कंधात हत्तीचा पाय नक्राने, म्हणजे मगरीने, धरला, हत्तीने सोंडेत कमळ धरून हाक मारली, विष्णू आले, हत्ती थेट वैकुंठाला. हे झालं कायमचं. पण खाली बारीक अक्षरात असं आहे की तो हत्ती मागच्या जन्मी इंद्रद्युम्न नावाचा राजा होता आणि अगस्तींच्या शापाने हत्ती झाला होता. आणि नक्र पण मुळात हूहू नावाचा गंधर्व. म्हणजे पुन्हा तेच, जनावराच्या कातड्यात कुणीतरी दुसरंच. आपल्या बहुतेक गोष्टींत हे होतं आणि मला त्याचा थोडा राग येतो खरं सांगायचं तर, की अहो एखादा साधा हत्ती, नुसता हत्ती म्हणून जाऊ द्या की. ज्ञानेश्वर मात्र नवव्या अध्यायावर बोलताना गजेंद्राचं उदाहरण देतात तेव्हा शाप-बिप, राजा-बिजा काही काढत नाहीत, तो मला येऊन पोचल्यावर त्याचं पशुत्व वायाच गेलं असं देवाच्या तोंडी घालतात. मला तो धागा धरावासा वाटतो.

साधा कुत्रा, कुणाचाही शाप नसलेला, सरळ वैकुंठाला गेला अशी गोष्ट हवी असेल तर बंगालात जावं लागतं. चैतन्य महाप्रभू या कृष्णभक्त संतांच्या चरित्रात आहे ती, सोळाव्या शतकातली. शिवानंद सेन नावाचे गृहस्थ दरवर्षी भक्तांची पायी यात्रा घेऊन पुरीला जायचे. एकदा एक कुत्रा मागे लागला, त्यांनी त्यालाही बरोबर घेतलं. नदीवर नावाडी म्हणाला कुत्र्याला नाही नेणार, तर यांनी जास्तीच्या कवड्या मोजून त्याला पार नेलं. एके रात्री नोकर कुत्र्याला भात घालायला विसरला आणि कुत्रा गायब. शिवानंद सेन स्वतः उपाशी राहिले, माणसं पाठवून शोध शोध शोधलं, सापडला नाही. पुरीला पोचून बघतात तर तो महाप्रभूंच्या समोर बसलाय, ते नारळाचं खोबरं टाकतायत आणि हा खातोय आणि कृष्ण कृष्ण म्हणतोय. शिवानंदांनी नमस्कार करून माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून तो कुत्रा कुणाला दिसला नाही, वैकुंठाला गेला असं चरित्रकार लिहितात. चमत्कार बाजूला ठेवा हवं तर. मला त्यातलं जे पटतं ते म्हणजे भात घालायला विसरल्यावर मालकाची झालेली तगमग, कारण ज्यांच्या घरी कुत्रा गेलाय त्यांच्याकडे हीच तगमग असते, "त्या दिवशी मी लवकर डॉक्टरकडे नेलं असतं तर".

आपल्याकडे महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारी गोष्ट रेड्याची. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा पुढे भावंडांबरोबर चालत राहिला आणि जुन्नर तालुक्यात आळ्याला गेला, तिथे त्याची समाधी आहे, देऊळ आहे, लोक दर्शनाला जातात. स्वर्ग-बिर्ग कुणी बोलत नाही तिथे, समाधी म्हणतात. माणसाला जो शब्द वापरतो तोच. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात, शिकारीत धन्याचा जीव वाचवला म्हणून. म्हणजे आपल्या लोकांनी ग्रंथात काय लिहिलंय ते न विचारता आपल्या पद्धतीने उत्तर देऊन टाकलेलं आहे.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत विचाराल तर जनावराचा देह ही भोगयोनी. म्हणजे मागचं भोगायचं, नवं पाप-पुण्य जमा होत नाही, कारण चांगलं-वाईट निवडण्याची सोयच नाही. हे ऐकायला अपमानासारखं वाटतं पण उलटं करून बघा. बंड्याने सोफा फाडला, कुरिअरवाल्याला चावला, याचं काहीही त्याच्या खात्यावर नाही. अकरा वर्षांत एक पैशाचं नवं कर्ज केलं नाही त्याने. गेला तो मोकळा होऊन पुढेच गेला. मी हे सांगते तेव्हा मोठी माणसं हमखास रडतात, कारण आपण सगळे कर्ज वाढवत बसलोय हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

आता मैत्रिणीचं. "आत्माच नसतो" हे तिने जरा जास्त कडक सांगितलं. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्विनास यांचं म्हणणं असं की प्राण्यांना जीव आहे, भावना आहेत, पण तो आत्मा शरीराबरोबर संपतो, माणसाचा तेवढा राहतो. कॅथलिक शिकवणीत हे मत फार काळ चाललं. पण त्यांच्याच बायबलमध्ये यशयाच्या पुस्तकात लांडगा कोकराबरोबर राहील असं चित्र आहे, पौलाच्या रोमकरांस पत्रात सगळी सृष्टी कण्हतेय आणि तिचीही सुटका होणार आहे असं आहे, आणि उपदेशक नावाच्या पुस्तकात तर सरळ प्रश्नच टाकलाय की माणसाचा आत्मा वर जातो आणि पशूचा खाली जातो हे कुणाला ठाऊक? अठराव्या शतकात मेथडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली यांनी रोमकरांसच्या त्याच भागावर प्रवचन करून सांगितलं की प्राणीही पुन्हा उभे केले जातील. २०१४ च्या डिसेंबरात पोप फ्रान्सिस एका मुलाला म्हणाले की स्वर्ग सगळ्या प्राण्यांना खुला आहे अशी बातमी जगभर छापून आली, नंतर कळलं की ते असं बोललेच नव्हते, घोळ झाला होता. पण पुढच्याच वर्षी त्यांनी पर्यावरणावर जे पत्र काढलं, लाउदातो सी, त्यात मात्र खरंच लिहिलंय की अनंत जीवन हा सगळ्यांनी मिळून घ्यायचा अनुभव असेल आणि प्रत्येक सृष्ट जीव तेजस्वी होऊन आपली जागा घेईल. म्हणजे त्या मैत्रिणीला कुणीतरी जुनं उत्तर दिलंय, नवंही आहे.

आणि हो, दारावर ते यहोवाचे साक्षीदार, बायबल मानणारा एक वेगळा पंथ, येतात ना मराठी मासिक घेऊन, ज्याच्यावर सिंहाशेजारी लहान मूल खेळतंय असं चित्र असतं, त्यांना मी एकदा बसवून चहा देऊन विचारलं. त्यांचं म्हणणं असं की नंदनवन इथेच पृथ्वीवर होणार, माणसं कायमची जगणार, प्राणी पण असतील आणि कुणाला इजा करणार नाहीत, पण प्राणी आपलं आयुष्य संपलं की मरणार, त्यांना कायमचं जगायला बनवलेलंच नाही. मी म्हटलं म्हणजे माणूस लाख वर्षं जगणार आणि दर बारा वर्षांनी एक कुत्रा पुरणार, असलं कसलं हो नंदनवन? ते हसले, मासिक ठेवून गेले.

तुमच्या मित्राने सांगितलं ते बरोबर आहे पण अर्धं. कुराणात सहाव्या सुऱ्यात, म्हणजे अध्यायात, आहे की जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे हेही तुमच्यासारखेच समुदाय आहेत आणि शेवटी त्यांनाही त्यांच्या रबकडे जमवलं जाईल. हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांत, असं आहे की कयामतीच्या दिवशी बिनशिंगाच्या मेंढीला शिंगवाल्या मेंढीकडून हिशोब मिळवून दिला जाईल. कल्पना करा, मेंढ्यांचासुद्धा न्याय होणार! त्यानंतर जनावरांना माती व्हा म्हणतील, असं बहुतेक विद्वानांचं मत, आणि ते बघून पापी माणूस म्हणेल मी पण माती असतो तर बरं झालं असतं. म्हणजे तिथे माती होणं ही शिक्षा नाही, सुटका आहे. शिवाय गुहेत झोपलेल्या तरुणांबरोबर जो कुत्रा होता, अठराव्या सुऱ्यातला, ज्याला लोक कितमीर म्हणतात, तो जन्नतमध्ये जाणार असं लोकपरंपरेत मानतात. आणि जन्नतमध्ये मनाला जे हवं ते मिळेल असं वचन आहे, त्यामुळे लहान मुलाने "माझी मांजर?" विचारलं की कितीतरी मौलाना "तुला हवी असेल तर मिळेल" असं सांगतात. मित्राला एकदा चहाला बसवून विचारा, ते खुलतील.

जैन मंडळींकडे उत्तर अगदी टापटीप आहे, नियमावली असल्यासारखं. पंचेंद्रिय प्राणी व्रत पाळू शकतो आणि देवगतीला जाऊ शकतो. चंडकौशिक नाग महावीरांना डसला, मग त्याला बोध झाला, खाणं सोडून पडून राहिला, मुंग्यांनी पोखरला तरी हलला नाही आणि मेल्यावर आठव्या देवलोकात गेला. पण तिथलं आयुष्य कितीही लांब असलं तरी संपतं, आणि मोक्ष फक्त माणसाच्या जन्मातून. बौद्ध कथांमध्ये सिद्धार्थाचा घोडा कंथक विरहाने मरतो आणि देवलोकात जन्मतो, आणि चंपा नगरीत बुद्धांचं प्रवचन ऐकत बसलेला एक बेडूक गुराख्याच्या काठीखाली चिरडतो, त्याला तर काही कळलं पण नव्हतं, नुसता आवाज गोड वाटला होता, तोही थेट देवपुत्र. मात्र आपल्याकडच्या आंबेडकरी घरांत हे स्वर्ग-श्राद्ध प्रकरणच नाही, २२ प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध-पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञाच आहे, त्यामुळे तिथून असा फोन आला की मी म्हणते माझी गरज नाही, त्याच्या नावाने कुणाला तरी खायला घाला.

पारशांचं सांगायचं राहिलं आणि कुत्र्याच्या बाबतीत त्यांच्याइतकं कुणी बोललेलं नाही. माणूस गेला की मृतदेह कुत्र्याला दाखवायचा, सगदीद म्हणतात त्याला, आणि कुत्रा चार डोळ्यांचा हवा, म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके असलेला. आणि आपल्या ऋग्वेदात दहाव्या मंडलात यमाचे दोन कुत्रे आहेत, तेही चार डोळ्यांचे, वाट राखणारे. दोन्हीकडे तोच कुत्रा! मेल्यावर जीव ज्या पुलावरून जातो त्या पारशांच्या चिन्वत पुलावरही कुत्रे असतात. त्यांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथात तर सरळ प्रश्न विचारलाय की कुत्रा मेला की त्याचा जीव कुठे जातो, आणि उत्तर आहे की पाण्याच्या उगमाकडे, तिथे हजार नर आणि हजार माद्या अशा कुत्र्यांच्या जिवांतून पाणमांजरं बनतात. आणि म्हणून पाणमांजर मारणं हे इतकं मोठं पाप की त्याच्या प्रायश्चित्ताला पुढचा अख्खा अध्याय दिलाय. मी हे वाचलं त्या दिवशी रात्री झोप नाही आली मला, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी हा प्रश्न विचारलाय, तुमच्या लेकीचाच, शब्द न शब्द.

तर मुलीला काय सांगायचं. इथे मी माझी चूक सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी एका घरी गेले होते, सात वर्षांचा मुलगा, कॉकर स्पॅनियल गेलेला. मी आपली उत्साहात त्याला सगळं समजावलं, स्वर्ग, पुण्य, पुण्य संपलं की जीव परत येतो, नवीन देह घेतो. मुलगा एकदम शांत झाला, मला वाटलं वा, काय छान समजावलं आपण. महिन्याभराने त्याच्या आईचा फोन. पोरगं रस्त्यावरचं प्रत्येक पिल्लू उचलून कान तपासत होतं, कारण यांच्या कुत्र्याच्या डाव्या कानाला डाग होता, आणि शेवटी एका व्यायलेल्या कुत्रीने त्याला दंडाला चावलं, रेबीजची पाच इंजेक्शनं झाली. त्या बाई चिडून बोलल्या नाहीत, पण मला जमिनीत जावंसं वाटलं. तेव्हापासून मी लहान मुलांना पुनर्जन्माचं वेळापत्रक देत नाही.

नऊ वर्षांच्या मुलीला तुम्ही असं सांगू शकता की आपल्या लोकांनी याची खूप उत्तरं शोधलीत, कुणी म्हणालं भेटतो, कुणी म्हणालं पुढे जातो, कुणी म्हणालं पाण्यात जातो, आणि मरून परत येऊन कुणी सांगितलेलं नाही. तुमच्या घरात भक्ती असेल, विठ्ठलाचं असेल, तर शिवानंद सेनच्या कुत्र्याची गोष्ट सांगा, खोबऱ्यासकट. नसेल, तुम्हाला स्वतःला यातलं काही पटत नसेल, तर ओढूनताणून "हो गं स्वर्गात आहे" म्हणू नका, मुलांना आवाजावरून कळतं. "मला माहीत नाही, पण मला पण वाटतं भेटावा" हे बापाने म्हटलेलं चालतं. आणि एक, "देवाला आवडला म्हणून नेला" हे प्लीज नको, मग ती आवडत्या प्रत्येक माणसाकडे बघून घाबरते.

दहावं-तेरावं करू नका. त्यात गोत्र लागतं, प्रेताला पिंड देऊन पितरांत मिसळवायचं असतं, आणि बंड्या तुमच्या पितरांत जाणार नाहीये. कुणी हजारो रुपये घेऊन करून देतो म्हणाला तर नमस्कार करून वाटेला लावा. गयेला पशुयोनीत गेलेल्यांसाठी पिंडाचा मंत्र आहे म्हणून कुणी दाखवेल, तो आपल्याच पितरांपैकी जे पशुयोनीत गेले असतील त्यांच्यासाठी आहे, पाळलेल्या जनावरासाठी नाही. पण रिकाम्या हाताने बसायचं नसेल तर तर्पण करा. तर्पणात एक भाग असा आहे की देव, नाग, झाडं, पक्षी, पाण्यात राहणारे, बिळात राहणारे, हवेवर जगणारे सगळे जंतू या पाण्याने तृप्त होवोत, ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत. त्यात बंड्या आपोआप बसतो, कुणाचीही परवानगी लागत नाही. मी घरोघरी तेवढंच करते, दहा मिनिटांचं काम, मुलांच्या ओंजळीतून पाणी सोडायला लावते. आणि पितृपक्षात पान वाढता तेव्हा काकबळीबरोबर श्वानबळी असतोच, यमाच्या त्या श्याम आणि शबल कुत्र्यांच्या नावाने, तो घास गल्लीतल्या कुत्र्याला लेकीच्या हातून घालू द्या, पण तुम्ही शेजारी उभे राहून, पिल्लं असलेल्या कुत्रीपासून लांब. आईंना सांगा हे शास्त्रातच आहे, त्या नाही म्हणणार नाहीत.

थोडक्यात, लिहिताना माझंच लांबलं म्हणून: स्वर्ग कुणालाच कायमचा नाही, वैकुंठाला जनावर गेल्याच्या गोष्टी आहेत, युधिष्ठिराची गोष्ट त्यातली नाही, दहावं नको, तर्पण चालेल.

पट्टा नदीत टाकू नका, नायलॉनचा असणार, तो कुठल्या स्वर्गात जात नाही, पुलाखाली अडकून बसतो. खुंटीवर राहू द्या, लेक स्वतः काढेल तेव्हा काढेल. आणि भांडं स्टीलचं असेल तर घासून गॅलरीत पाणी भरून ठेवा, उन्हाळा आलाय, कावळे येतील.